ओंजळीतला चर

मित्रांनो, मी एक जुना चर आहे. पावसाचे पाणी घरापासून दूर वळवावे, याकरिता डोंगरउतारावर मला आडवे खणण्यात आले.

हा डोंगर फार पूर्वी आग ओकत असे. त्याच्या कठीण काळ्या खडकावर अजून भुसभुशीत राखेचा जाड थर आहे. डोंगराला दोन खांदे असून त्यांच्यामध्ये ओंजळीसारखी खोलगट जागा आहे. खांद्यांवरचे पाणी पांगून जाते. ओंजळीत मात्र दोहोंकडचे येऊन मुरते. मग राख पाणी पिऊन जड होते आणि खालच्या खडकावरून तिचा पाय सुटतो.

याच ओंजळीत एका गवंड्याने घर बांधले, कारण खांद्यांवर वारा छप्पर टिकू देत नसे. घराच्या वरच्या अंगाला त्याने मला खणले व माझे तोंड बाजूच्या ओढ्यात सोडले. त्याची पत्नी दरवर्षी माझा गाळ उपशी. "हा माझा दुसरा सासरा! नुसता लोळतो आणि सेवा करून घेतो," असे ती हसून म्हणे. धाकटा दीर तिला वहिनी म्हणे. मीही मनातल्या मनात तेच म्हणू लागलो.

पुढे गवंड्याचे पाय गेले व तो खाटेला खिळला. धाकट्या भावाने माझ्या वरच्या बाजूस बटाटे लावले. टेम्पो वर नेण्यासाठी त्याने मला मधोमध फांद्या व राख टाकून बुजवले.

"भावोजी, खालून पाइप तरी टाका," वहिनी म्हणाली.

"टाकतो हो, बटाटे निघू द्या. दादाचा चर म्हणजे काय धरण लागून गेलंय?"

खाटेवरून गवंडी ओरडला, "धरण भरलेलं दिसतं तरी, गाढवा! हे पाणी दिसत नाही."

बटाटे निघाले. पाइप राहिला.

त्यानंतर पावसाने अशी झड लावली की उसंत म्हणून नाही. पाणी माझ्यात येई, बुजवलेल्या जागी तुंबे आणि माझ्याच तळातून घरावरच्या राखेत उतरे. पाणी वाहून न्यावे म्हणून जन्मलेला मी, ते साठवू लागलो!

एका सकाळी वहिनीला अंगणात भेग दिसली. तिला एकटीला नवरा उचलवेना. ती दिराला बोलावायला त्याच्या घरी धावली. दोघे परतीच्या वाटेवर असतानाच ओंजळ रिकामी झाली. घर, खाट, गवंडी, माझा मधला भाग, सर्व खाली गेले. खांद्यांवरचे झुडूपही हलले नाही.

आता धाकटा भाऊ येऊन माझे उरलेले तुकडे साफ करतो.

"आता कुणासाठी, भावोजी?" वहिनी विचारते. तो खाली मान घालून फावडे मारीत राहतो.

मित्रांनो, डोंगराच्या खोलगटीत तुमचे घर असेल, तर एकदा वर चढून चर पाहा. बुजला असेल, तर त्याच दिवशी उकरा. खाली कोणी खाटेवर निजलेले असते. त्याला पळता येत नाही.