सरकारी पायपुसणं

मिस कारिनाने नियम एकच घालून दिला होता. ज्या घरातला माणूस मारला गेला, त्या घराने त्याचा एक कपडा आणायचा. शर्ट, चड्डी, टोपी, काहीही चालेल. तो कापायचा, पांढऱ्या चौकोनावर त्याचे तुकडे जोडून चित्र करायचं, आणि शेवटी सगळे चौकोन शिवून एक मोठी गोधडी. नोव्हेंबरात, मृतात्म्यांच्या दिवसाला, ती बास्केटबॉलच्या मैदानावरल्या छपराखाली टांगायची. शहरातून पाहुणे येणार होते.

मिस कारिना स्वतःही शहरातलीच. चित्रकलेची पदवी, आवाज हळू, मन चांगलं. तिचं दर तिसरं वाक्य 'जखम' या शब्दावर संपायचं आणि मग ती सगळ्यांना शेवया वाटायची. बायका शेवयांसाठी येतात असं वस्तीत बोललं जाई. त्यात तथ्य होतं. शेवया बऱ्या होत्या.

चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दर शनिवारी सकाळी अकरा बायका जमायच्या. मी बारावा, लेबलं लिहायला. एकोणीस वर्षं मास्तरकी केल्यामुळे वस्तीतले अर्ज, दाखले, तक्रारी आणि दोनतीन प्रेमपत्रं माझ्याच अक्षरात गेलेली आहेत. मेलेल्यांची लेबलं तेवढी राहिली होती.

अकरापैकी दहा जणींची कामं जोरात चालली होती. आलिंग लुमिंग मात्र चौथा शनिवार कोरा चौकोन मांडीवर घेऊन बसली होती. साठीची बाई, म्हणून आलिंग, म्हणजे मावशी; अंगात काळा झगा. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की वर्षभर काळं घालतात, आणि तिचा मुलगा वेंडेल जाऊन अकरा महिने होत आले होते.

"लुमिंग, आज तरी काहीतरी आणायचं होतंस," बेबांग म्हणाली. बेबांगचा नवरा नाक्यावर मासळीचे गोळे तळून विकायचा. त्याच्या एप्रनमधून ती त्याचं पोट कापत होती. "रुमाल नाही? मोजा नाही? माझा मेला तर ट्रंकेत सात चड्ड्या निघाल्या. जिता होता तेव्हा एक सापडायची नाही."

"माझ्याकडे नाही काही," लुमिंग म्हणाली.

"चित्र काढलंत तरी चालेल, आलिंग," मिस कारिना तिच्याजवळ गुडघ्यावर बसली. "किंवा फोटो छापून घेऊ कापडावर. आठवणसुद्धा एक कापडच असतं."

"फोटो नको, मिस. त्याच्या अंगाला लागलेलं पाहिजे. बाकीच्यांचं तसंच आहे ना? मग त्याचंच का फोटोवर भागवायचं?"

मिस कारिनाने तिला जास्तीच्या शेवया दिल्या.

वेंडेलचा कपडा का नव्हता, हे हॉलमध्ये मिस कारिना सोडून सगळ्यांना माहीत होतं. अंगावरचा शर्ट तपासासाठी नेला, तो तपासाबरोबरच बेपत्ता झाला. चांगला पांढरा सदरा त्याला घालून पुरलं. उरलेलं बोचकं लुमिंगने स्वतःच्या हाताने संपवलं होतं.

कारण लुमिंग पायपुसणी विणते. अर्धी वस्ती विणते. लाकडी चौकट, चारी बाजूंना खिळे, आणि शिलाई कारखान्यातून पोत्याने येणारी कात्रणं. कात्रणं कमी पडली की घरातलं जुनं कापड. बाळाची दुपटी, शाळेचे गणवेश, आजोबांचा विरून गेलेला लेंगा, सगळं शेवटी दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या होऊन चौकटीवर चढतं. आमच्या वस्तीत कापड जुनं होत नाही, पायाखाली जातं.

वेंडेलचा चाळिसावा दिवस झाला त्याच आठवड्यात मोठी मागणी आली. चाळीस पायपुसणी, शुक्रवारपर्यंत. तो काळ असा की लुमिंग बसली की विणायची आणि विणताना काय विणतेय ते बघायची नाही. पोतं संपलं. तिने हात घालून पुढचं बोचकं ओढलं, कात्री चालवली, पट्ट्या पाडल्या, विणल्या. बोचकं अर्ध्यावर आल्यावर शेजारणीने विचारलं, "अगं, हे वेंडेलचं नव्हे का?"

"हात थांबलेच नाहीत," ती मला नंतर म्हणाली. "डोळे म्हणत होते थांब. हात म्हणत होते शुक्रवार."

राहिलेलं बोचकंही मग तिने विणून टाकलं. अर्धं ठेवून काय करायचं होतं.

चाळीस पायपुसणी मागवली होती बारंगायच्या कार्यालयाने, म्हणजे आमच्या वॉर्ड ऑफिसने. 'पीडित कुटुंबांना रोजगार' अशी योजना होती. पायपुसणी बालवाडीपासून मच्छीबाजारापर्यंत वाटली गेली. कापितान तानिंग यांनी, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या निवडून आलेल्या प्रमुखांनी, लुमिंगच्या गळ्यात हारासारखं एक पायपुसणं घालून फोटो काढला होता. तो अजून कार्यालयाच्या भिंतीवर आहे. त्यात लुमिंग कॅमेऱ्याकडे बघत नाही.

चौथ्या शनिवारी हॉलमधून निघताना ती मला म्हणाली, "सर, एक तरी शिल्लक असेल. चला शोधायला."

बेबांगही आली. "मला काय, घरी कोण वाट बघतंय," म्हणाली.

बालवाडीतलं पायपुसणं कुत्र्याने नेलं होतं. दवाखान्यातल्या नर्सने दोन काढून दाखवली. लुमिंगने ती उलटसुलट केली, वास घेतला आणि परत दिली. कारखान्याची कात्रणं. मच्छीबाजाराच्या कार्यालयात एक होतं, पण त्याचं आता कापड म्हणून काही उरलं नव्हतं. बेबांग म्हणाली, "हे नको गं लुमिंग, हे लावलंस तर पाहुणे येतील पण मांजरं आधी येतील." लुमिंग हसली. मी तिला बऱ्याच महिन्यांनी हसताना पाहिलं.

बारंगाय कार्यालयात, कापितानांच्या खोलीच्या दारात, ते होतं.

चिखलाने सगळं एकाच रंगाचं झालेलं. पण मधे पिवळा होता. लुमिंग खाली बसली आणि नखाने माती खरवडू लागली. पिवळ्यावर लाल अक्षराचा तुकडा निघाला.

"त्याची जर्सी," ती म्हणाली.

ती जर्सी मलाही ओळखीची. वॉर्डाच्या बास्केटबॉल सामन्यांना कापितानांनी सगळ्या पोरांना पिवळ्या जर्स्या वाटल्या होत्या. छातीवर वर त्यांचं नाव, खाली पोराचा नंबर. वेंडेलचा आठ. त्याच जर्सीत तो एकदा याच दारातून आत आला होता. सरकारची नशेविरुद्ध मोहीम चालू होती; नशा करणाऱ्यांनी कार्यालयात येऊन सही केली की त्यांना कोणी काही करणार नाही, असं तेव्हा जाहीर झालं होतं. नाव लिहून दे, मोकळा हो, असं त्याला सांगणारा मी. यादीतलं अक्षरही माझंच. सहा आठवड्यांनी मोटरसायकलवरून दोघं आले. त्यांनी नाव विचारून खात्री करून घेतली, असं म्हणतात. म्हणजे यादी व्यवस्थित होती.

दाराशी ओबेत बसलेला होता, वॉर्डाचा पहारेकरी. लुमिंगने पायपुसणं उचलून घडी घातली तसा तो उठला.

"अहो आलिंग, ते कुठं निघालं?"

"माझ्या पोराचं आहे."

"तुमच्या पोराचं ते कसं..." ओबेत थांबला. त्याला कळलं असावं, कारण त्याने आवाज खाली आणला. "हे बघा, माझी ना नाही. पण मागे नंबर आहे."

पायपुसणं उलटलं. मागे शिवलेल्या कापडी तुकड्यावर पांढऱ्या रंगात छापलेलं: बारंगायची मालमत्ता, क्रमांक १४.

"मालमत्तेच्या वहीत आहे ते," ओबेत म्हणाला. "गेलं तर मला विचारतील चौदा कुठंय."

"तुझ्या बापाला विचारतील," बेबांग म्हणाली. "पाय पुसायचं फडकं ते, सोन्याचं आहे का?"

"सोन्याचं असतं तर इथं टिकलं असतं का, आलिंग? फडकं म्हणून तर टिकलं."

हे खरं होतं.

मी अर्ज लिहिला. विषय: पायपुसणं क्र. १४ मिळण्याबाबत. कारण या रकान्यात काय लिहायचं यावर मी थोडा वेळ पेन धरून बसलो. लुमिंग म्हणाली, "खरं ते लिहा." मी लिहिलं, 'कलाप्रदर्शनासाठी.' खरं लिहिलं तर अर्ज बाजूला ठेवतात, हे मला अनुभवाने माहीत होतं.

कापितानांनी दोन दिवसांनी बोलावलं. अर्ज वाचून ते खूश दिसले.

"माझ्या दारातलं पायपुसणं कला म्हणून लागणार. बघा सर, मी म्हणत होतो ना, या बायकांच्या हातात काहीतरी आहे. न्या. दोन गोष्टी फक्त. दाराला तेवढ्याच मापाचं दुसरं पाहिजे, नाहीतर वहीत खाडाखोड होते. आणि खाली लिहा, बारंगाय कार्यालयाच्या सौजन्याने."

"कशाच्या?" लुमिंगने विचारलं.

"सौजन्याने, आलिंग. म्हणजे आम्ही दिलं."

लुमिंगने माझ्या हातातल्या अर्जाकडे बोट केलं. मग म्हणाली, "बरं. लिहा."

बाहेर आल्यावर बेबांग तिच्यावर उखडली. "बरं काय बरं? त्याच्या नावाखाली ह्या बोकडाचं नाव लावून घेणार तू?"

"नावाचं मला काय करायचंय," लुमिंग म्हणाली. "मला कापड पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तिने बदलीचं पायपुसणं कार्यालयात पोचवलं आणि चौदा नंबर घरी नेलं. बदलीचं कसलं विणलं, मी विचारलं नाही. कात्रणांचं असेल असं धरलं.

शनिवारी ती हॉलमध्ये आली ती फुलाफुलांचा निळा झगा घालून. वर्ष पुरं व्हायला पाच आठवडे होते. कोपऱ्यातल्या दोघी कुजबुजल्या. वर्ष व्हायच्या आत काळं उतरवलं तर मेलेल्याला वाटतं, आपल्याला संपवलं. बेबांगनेही तिच्याकडे पाहिलं, आणि सरकून आपल्या शेजारी जागा करून दिली.

लुमिंगने चौदा नंबर गुडघ्यावर घेतलं आणि उसवायला सुरुवात केली. जे तिला तासाभरात विणता येतं ते सोडवायला दोन शनिवार लागले. पट्ट्या चिखलाने एकमेकींना चिकटल्या होत्या. मिस कारिना म्हणाली, "आलिंग, आधी धुऊन घेऊ का?" लुमिंग म्हणाली, "नको. धुतलं तर त्याचंही जाईल." त्याचं काही उरलं असेल असं मला वाटत नव्हतं. नऊ-दहा महिने सगळ्या वॉर्डाने त्यावर पाय पुसले होते.

पिवळ्या पट्ट्या तिने वेगळ्या काढल्या आणि चौकोनावर एकाखाली एक लावत गेली. आडव्या कापल्या असल्यामुळे जर्सी वरून खाली जुळत आली. गळा आला, खांदे आले. कापितानांचं नाव एका पट्टीत होतं, ते अख्खं मिळालं, एक अक्षर कमी नाही. त्याखाली आठाचा वरचा गोल. मग पट्ट्या संपल्या. खालची जर्सी दुसऱ्या कुठल्यातरी पायपुसण्यात गेली होती.

"खाली काहीतरी भरूया," मिस कारिना म्हणाली. "पिवळं कापड आहे माझ्याकडे."

"राहू दे," लुमिंग म्हणाली. "खाली तो नाहीये."

तिने पट्ट्या काळ्या दोऱ्याने शिवल्या. मी लेबल लिहिलं. वेंडेल, वय बावीस. जर्सी, अर्धी. बारंगाय कार्यालयाच्या सौजन्याने. आजवर मी लिहिलेल्या लेबलांत अक्षर सर्वात सुबक आलं, आणि त्याचा मला राग आला.

गोधडी टांगली तेव्हा बास्केटच्या रिंगच्या बरोबर खाली आली. पाहुणे हळू आवाजात बोलले. एका बाईने डोळे पुसले आणि मग शेवयांची चौकशी केली. कापितान पांढरा सदरा घालून आले, एकेक चौकोन बघत गेले आणि वेंडेलपाशी थांबले. स्वतःचं नाव वाचलं. खालचं लेबलही वाचलं. त्यांना दोन्ही आवडलं.

"या आलिंग, इथं उभ्या रहा," ते म्हणाले. फोटोवाला पुढे झाला. मग त्यांचं लक्ष तिच्या निळ्या झग्याकडे गेलं. असल्या गोष्टी त्यांना बरोबर कळतात, मतं त्यावर मिळतात. "हे काय, काळं उतरवलंत? वर्ष झालं नाही ना अजून?"

"नाही झालं," लुमिंग म्हणाली. "घरात दुसरं कापड नव्हतं, कापितान. तुमच्या दारात आहे ते."

कापितान तिच्याकडे वळले. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला. त्या फोटोत लुमिंग कॅमेऱ्याकडे बघतेय, कापितान बघत नाहीत.

ती तिथून चालत बेबांगच्या शेजारी जाऊन बसली. बेबांगने स्वतःच्या खांद्यावरची काळी शाल काढून तिच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "घे. मला तसंही गरम होतंय."

सोमवारी मी एका रहिवासी दाखल्यासाठी कार्यालयात गेलो. दारात काळं पायपुसणं होतं, घट्ट विणलेलं, कडा सरळ. ओबेतने मला कोपरा उलटून दाखवला. पांढऱ्या रंगात क्रमांक १४, रंग अजून ताजा दिसत होता.

"वही जुळली, सर," तो म्हणाला. "पण माझा पाय पडत नाही त्यावर. मी उडी मारून जातो."

तेवढ्यात कापितान बाहेरून आले. रस्त्यावर गटाराचं काम चालू होतं, बुटांना चिखल होता. ते दारात क्षणभर थांबले. मग आधी डावा पाय पुसला, मग उजवा, आणि आत गेले.