गुलनारबीचा मुलुख

“आधी तो मोबाईल खाली घ्या, मंग बोला,” गुलनारबी ओट्यावरून म्हणाली.

समोर दहा-बारा माणसं उभी. डोक्यावर टोप्या, हातात पाण्याच्या बाटल्या, पायात पांढरे बूट. पुसदच्या या पिंजारपुऱ्यात पांढरे बूट घालून कोणी चांगल्या कामाला आल्याचं तिला आठवत नव्हतं. मागच्या खेपेला आले ते मोजायची फीत घेऊन. रस्ता रुंद करायचा म्हणाले आणि भिंतीवर लाल फुली मारून गेले. गुलनारबीनं ती चुन्यानं झाकली, पण पोटातली काही झाकली गेली नाही.

पुढची पोरगी गोड हसली. “आजी, मी अर्पिता. कॉलेजात इतिहास शिकवते. बाहेरून येऊन इथे वसलेल्या लोकांच्या जुन्या वस्त्या दाखवत असते मी.”

“बाहेरून कोन आलं व?”

“म्हणजे तुमचे पूर्वज. उत्तरेकडून कापूस पिंजत आले ना?”

घ्या. पोटातलं ओठावर आलंच. गुलनारबीची शाळा दुसरीत सुटली होती, पण कोण काय काढून घ्यायला आलंय हे कळायला शाळा लागत नाही. आज कुठून आलात विचारतात, उद्या तिकडंच जा म्हणतात. अफरोजनं, तिच्या पोरानं, बजावून ठेवलं होतं, कोणी विचारलं तर इथलेच म्हणायचं आणि चूप राहायचं. चूप राहणं तेवढं तिला जन्मात जमलं नव्हतं.

“तू कुठची?”

“मी इथलीच. वडील वाशिमचे.”

“मंग तूही बाहेरचीच. सांग तुह्या घरी जाऊन, आमीबी फोटो काढाले येतो.”

लोक हसले. सगळ्यात जोरात हसले ते वामनराव. रिटायर तलाठी, असं अर्पितानं सांगताच गुलनारबीनं पदर आवळून घेतला. तलाठी फुकटचा उन्हात फिरत नसतो.

तेवढ्यात सून, गझाला, चहाचं ताट घेऊन बाहेर आली.

“चहा कायले आणला? पाहुणे हायत का घर मोजाले आले, हे तं समजू दे.”

“अम्मी, दारात उभे हायत.”

“दारात तं वसुलीवालाबी उभा राह्यते.”

अर्पितानं मात्र कप घेतला, फुंकर मारून प्याली आणि हळूच विचारलं, “आजी, तुमच्या घरात मुलुख म्हणतात ना? जुन्या माणसांच्या तोंडी असतो हा शब्द.”

सासूचाच शब्द तो. परक्या पोरीच्या तोंडून आला आणि गुलनारबी क्षणभर सैल पडली. “म्हनतो ना.”

“अजून जाता मुलुखात?”

“जाऊ नाही तं काय? दर जुम्मेरातले जातो.”

अर्पिता मोबाईलकडे वळली. “ऐकलंत? इतक्या पिढ्या झाल्या, तरी यांचं खरं गाव तिकडेच आहे.”

“दर गुरुवारी? उत्तर प्रदेशात?” वामनरावांनी भुवया चढवल्या. “कोणत्या गाडीनं?”

“गाडी कायले? पायीच.”

हशा पिकला. गुलनारबीला आधी कळेना. मग कळलं, आपण बाहेरचे हे तिनं आपल्याच तोंडानं कबूल केलं होतं. फुली मारणाऱ्याला फीत तरी लागली होती. तिनं ती फुली नुसत्या जिभेनं मारून दिली, आणि ती मोबाईलात जाऊन बसली. आता अफरोजला काय सांगायचं?

ती उठली, चपला घातल्या. “बंद नको करू थे. चालूच ठेव अन् या माह्यामागं.”

नदीकडची उतरण उतरता उतरता ती बोलत राहिली. “माह्या सासूची सासू मरताना म्हने, मले मुलुखात न्या. पोरायले रस्ता ठाऊक नाही, जवळ पैसा नाही. काय करतीन? इथंच आनलं. मातीत ठेवताना मोठ्या लेकानं सांगतलं, अम्मा, आला मुलुख. तवापासून आमच्या घरी याले मुलुखच म्हनते.”

समोर कब्रस्तानाची बुटकी भिंत होती.

पुरुष बूट काढून, हातात धरून आत गेले. गुलनारबी फाटकाशीच थांबली.

“तुम्ही नाही येत?” अर्पितानं विचारलं. मोबाईल तिच्या हातात नुसता लोंबकळत होता.

“आमच्यात बाया आत नाही जात. इथूनच फातेहा पढतो.” तिनं लिंबाकडे बोट केलं. “थो आमचा नजीर. अफरोजचा बाप.”

नजीरच्या कबरीशेजारीच, लिंबाच्या सावलीत, वामनराव घाम पुसत उभे होते.

“ओ तलाठीसाहेब, बाजूले व्हा तिथून.”

वामनरावांनी पायाखाली पाहिलं. “इथे काही नाही बाई. मोकळी जागा आहे.”

“माही हाय थे.”

बूट हातात घेऊन, दुसऱ्याच्या पेरलेल्या वावराच्या धुऱ्यावरून चालावं तसे वामनराव जागेच्या कडेकडेनं बाहेर आले.