पैलवानाचे थकलेले बैल

नांगराचं तास निम्म्यावर आलं, तसे बैल पुन्हा उभे राहिले आणि पैलवानानं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. कुस्ती सुटून तीस वर्षं झाली. पण गावानं नाव सोडलं नव्हतं आणि यानं रुबाब. शिव्या देऊन झाल्या की तो नांगराच्या रुमण्यावर छाती टेकून उभा राही. बैल बिचारे माना वळवून वाट बघत.

"म्हातारी झाली जनावरं. विकून टाकतो," तो बांधावरच्या मेव्हण्याला म्हणाला.

"दाजी, थकलंय कोण नक्की? डॉक्टर काय बोलले होते?"

दोन वर्षांपूर्वी पैलवानाच्या हृदयाची एक झडप आकसलेली निघाली होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, आज घाई नाही; पण धाप लागली, भोवळ आली, छातीत दाटलं, की लगेच यायचं. मग झडप बदलावी लागेल.

"मग? लागली का धाप? छाती बघ, वाड्याचं दार आहे!"

"सरका." मेव्हण्यानं रुमणं धरलं.

बैल झपाझप निघाले. पण तास निम्म्यावर येताच, नेमक्या त्याच जागी, दोघंही उभे!

"बघ! म्हटलं नव्हतं?"

मेव्हण्यानं जवळ जाऊन पाहिलं. ना फेस, ना घाम. एक तर निवांत रवंथ करत होता. थोड्या वेळानं हाक न मारता दोघं आपोआप चालू लागले.

जेवण घेऊन आलेली पैलवानाची बायको भावाला म्हणाली, "गेल्या साली तासाच्या टोकाला थांबायचे. मग त्या झाडापाशी. आता इथं. तुझ्या दाजींना जिथं दम लागतो, तिथं. देवानं मुक्या जिवांना समज दिली, आमच्या वाट्याला हे आले!"

दुसऱ्या दिवशी ती नवऱ्याला दवाखान्यात घेऊन गेली.

"धाप लागते?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे!"

डॉक्टर तिच्याकडे वळले. "पूर्वी करायचे आणि आता सोडलं, असं काय काय?"

"गोणी मी उचलते. विहिरीचं पाणी मी ओढते. माळ्यावर मी चढते. देवळाच्या पायऱ्या आल्या की म्हणतात, देव काय, सगळीकडेच असतो."

"म्हणजे धाप लागेल असं कामच उरलं नाही," डॉक्टर म्हणाले. "आता थांबू नका. ऑपरेशन करायचं."

"आणि नाही केलं तर?" पैलवानानं विचारलं.

"एक दिवस भोवळ येऊन पडाल. उठालच, असं मी सांगू शकत नाही."

बायकोनं संमतीचा कागद पैलवानापुढं सरकवला. पेनाचं टोपण काढून ते त्याच्या हातात दिलं.

"सही करा. का तीही मीच करू?"