कागदावर नसलेलं विमान

"इंजिनात खोट नाही, उस्ताद. खोट आहे ती कागदात," पेत्रोनाबाई म्हणाली आणि विमानाच्या पंखावर वाळत घातलेल्या चादरी काढू लागली.

सहा आसनांचं ते विमान तिच्या नवऱ्याचं. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. नोंदणीची मुदतही त्याच वर्षी संपली. कागदावर नाव अजून त्याचंच. वारस मुलगा स्पेनमध्ये. पत्रांना उत्तर देत नसे.

एलिओदोरो नोए सव्वीस वर्षं बेनी प्रांतातल्या एका धावपट्टीवर दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करत आला होता. उडवायलाही तो तरुणपणीच शिकला होता. कागद अपुरा असला, की मालक कितीही ओरडो, तो सही करत नसे. "उस्तादाला बायकोपेक्षा शिक्का प्यारा," पायलट चिडवायचे. पण पुराच्या दिवसांत नदीकाठची गावं बेटं होतात आणि तिथल्या आजाऱ्यासाठी कुणी विमान काढत नाही, हेही त्यानं जन्मभर पाहिलं होतं. त्यानं विमान घेतलं.

आठ महिन्यांत इंजिन खोलून, साफ करून पुन्हा बसवलं. नोंदणी कचेरीत मात्र काम तसूभरही हलेना.

"मालकाला घेऊन या," कारकून म्हणाला.

"मालक वारलाय, साहेब."

"मग मुलाची सही आणा. तोवर हे विमान आमच्या लेखी नाहीच."

"अहो, माझ्या अंगणात उभंय की!"

"असू दे. झाकून ठेवा."

फेब्रुवारीत, पुराच्या दिवसांतल्या एका सकाळी रेडिओ खरखरला. सान रोमुआल्दो गावाहून सेफेरिनो मोये बोलत होता. त्याची बायको आसुंता कालपासून अडली होती.

"उस्ताद, बाळाचा हात बाहेर आलाय. सुईण म्हणते, आता तिच्याच्यानं काही होणार नाही."

"धावपट्टीवर आण तिला. परवानगी काढतो आणि निघतोच."

त्यानं कचेरीत फोन लावला. साहेब बैठकीत होते. पुन्हा लावला. अजून बैठकीतच. बायको निएवेस दारात उभी होती.

"कुणाची वाट बघताय तुम्ही?"

"देतील गं. पाचच मिनिटं."

दोन तास गेले. मग त्यानं फोन खाली ठेवला आणि परवानगीवाचून विमान काढलं.

विमानानं कुठे कुरकूर केली नाही. पण दवाखान्यात आई आणि बाळ, दोघंही गेली.

"दोनेक तास आधी आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाली.

एलिओदोरो धावपट्टीवर परतला, तेव्हा नोंदणी कचेरीचा निरीक्षक विमानाच्या पंख्याला साखळी घालत होता. एलिओदोरोनं किल्ली त्याच्या हातात ठेवली.

आसुंताचा आणि बाळाचा देह गावी न्यायला दुसरा कुठलाच पायलट तयार होईना. शेवटी नाव ठरली; वाट दोन दिवसांची. एलिओदोरो न विचारताच नावेत चढला. बराच वेळ सेफेरिनो एकटाच वल्हवत होता.

"मी दोन तास थांबलो होतो, सेफेरिनो. परवानगीसाठी."

"ठाऊक आहे. तुम्हीच म्हणाला होता ना." सेफेरिनोनं मागं पाहिलं नाही. "आम्ही धावपट्टीवरच बसलो होतो. ऊन फार होतं. मी तिच्यावर माझा सदरा धरला होता."



थोड्या वेळानं सेफेरिनोनं पायाशी पडलेलं दुसरं वल्हं उचललं आणि एलिओदोरोकडे सरकवलं.

"डाव्या बाजूनं मारा," तो म्हणाला. "प्रवाहाला ओढ आहे."