कडं नसलेला शनी

खळ्ळकन खुळखुळा फरशीवर पडला. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते, तिथेच थिजले. पाळण्यात गौरांगने ओठ हलवले, नाक मुरडलं आणि पुन्हा झोपला. आठ महिन्यांचा आहे. संध्याकाळी दूध पिऊन झोपला की तासभर उठत नाही, आणि तो तास माझा. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, भाकरी थापता थापता पिठाच्या हातानेच खूण करतात, जा. मी वर पळते.

राजापेठेच्या मागच्या आमच्या गल्लीत या वेळी ट्यूशन सुटते. पोरांची एकेक गाडी गेली की गच्ची बारीक थरथरते आणि लॅपटॉपच्या पडद्यावर ग्रह उडी मारतो.

दुर्बीण माझ्या भावाची. बंडू अकोल्याला असतो. त्याने मोठी घेतली आणि जुनी मला भाऊबीजेला ओवाळणीत घातली. "त्यापरीस साडी बरी होती," असं आत्याबाई म्हणाल्या खऱ्या, पण चंद्र दाखवला त्या दिवशी गुडघे धरत दोनदा जिना चढून आल्या.

ग्रहाचा फोटो एका क्लिकमध्ये होत नाही. डोळा लावायच्या जागी बोटाएवढा कॅमेरा बसवायचा आणि दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ घ्यायचा. वरची हवा सारखी हलत असते, त्यामुळे ग्रह पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा दिसतो, आत्ता गोल, आत्ता वाकडा. मग लॅपटॉप त्या व्हिडिओतली हजारो चित्रं तांदळासारखी निवडतो. खडे बाजूला, चांगली तेवढी एकावर एक. त्या ढिगातून हळूहळू एक स्वच्छ चित्र वर येतं. दरवेळी मला वाटतं, हे आधी कुठे होतं?

या वेळचा फोटो मात्र माझ्या हौसेचा राहिला नव्हता. माझी अबोली पहिलीत आहे. वर्गाच्या भिंतीवर प्रत्येकाने घरी केलेलं काहीतरी लावायचं होतं. कोणी पतंग आणणार, कोणी तोरण. माझी लेक उभी राहून म्हणाली, "माझी आई शनीच्या कड्याचा फोटो काढते." त्यावर मागच्या बाकावरचा शुभंकर म्हणाला, "हट्, नेटवरून काढते तुझी आई!" सगळा वर्ग हसला. अबोली घरी येऊन रडली नाही. नुसतं म्हणाली, "सोमवारी न्यायचा आहे. खरा." तिच्या डोक्यात शनीचं कडं म्हणजे गौरांगच्या मनगटात आहे तसंच, चांदीचं, फक्त फार मोठं.

शनी मी आजवर कधी टिपला नव्हता. शनिवारी संध्याकाळी त्याचा पहिला व्हिडिओ घेतला. चित्र तयार झालं आणि मी पडद्याजवळ वाकले. पिवळसर गोळा होता, त्यावर फिकट पट्टे होते, पण कडं नव्हतं. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना सुईसारखी एक बारीक रेघ तेवढी बाहेर आलेली.

दुसरा व्हिडिओ घेतला. तेच. कॅमेरा काढला, त्याच्यापुढे नळीत बसवलेलं, चित्र मोठं करणारं भिंग दिव्यासमोर धरलं, आणि बघते तर काय, काचेवर तेलाचं बोट. त्याला चिकटलेले दोन काळे तीळ.

आमचे मामाजी, माझे सासरे महादेवराव, चांदूर बाजारकडचे. सगळी राजापेठ त्यांना गुरुजी म्हणते. वास्तुशांती, सत्यनारायण, ग्रहशांती, सगळं करतात. मी भिंग हातात घेऊनच खाली गेले.

"मामाजी, दुर्बिणीला तेल तुम्ही लावलं?"

"लावलं ना. आज शनवार ना. तू त्याचे फोटो काढून राहिली, पोरगी संग असते. म्हटलं, त्याले राग नको याले."

"पण काचेला, मामाजी?"

"मंग कोठी लावू? डोळा तर तोच ना त्याचा."

दुसऱ्या कुठल्या दिवशी मी हसले असते. पण अबोली ताट घेऊन बसली होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हणाले, "पोरीचं कडं तुमच्या तेलात बुडालं." मामाजींनी ताट सरकवलं. दुसरी भाकर नको म्हणून उठले. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तवा जरा जोरात खाली ठेवला.

रविवारी हे ड्यूटीवर गेले, बडनेऱ्याला, रेल्वेत आहेत, आणि मी दुपारी गौरांगच्या झोपेत भिंग पुसलं. स्पिरिट, मऊ कापूस, पुन्हा पुन्हा. इतकं स्वच्छ केलं की ते हातात आहे की नाही कळेना. संध्याकाळी सातला पुन्हा गच्चीवर. शनी डोक्यापासून जरा दक्षिणेला होता, हवाही बरी होती.

चित्र कालच्यापेक्षा स्वच्छ आलं. पट्टे दिसले, गोळा जरा चपटा आहे तेही दिसलं. कडं नाहीच. उलट ती सुई जास्त टोकदार झाली.

मग मी दुर्बीण चंद्रावर फिरवली. खड्ड्यांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या दिसल्या, सावल्यांसकट. म्हणजे दुर्बीण बरोबर होती. भिंग बरोबर होतं. कालही तेलाने चित्र जरा धुरकट केलं असेल, पण कडं नेलं नव्हतं. मग कोणी नेलं?

बंडूला फोन लावला.

"बंडू, शनीला कडं नाहीये."

"काय बोलून राहिली ताई? काढून ठेवलं का त्यानं, आंघोळीले?"

"थट्टा नको. वर जा आणि बघ. तू यंदा पाहिला नाहीस का?"

"मी गुरूच्या मागं होतो ना. थांब."

थोड्या वेळाने त्याचाच फोन आला. आवाज बदलला होता. "ताई, माह्याकडे बी नाही! बोराले काटा टोचून ठेवल्यावानी दिसून राहिला." मग लगेच, "मी जुने फोटो धाडतो. एक छापून चिकटव. शाळेत कोणाले कळते?"

फोटो आले. चार वर्षांचे चार. सगळ्यात जुन्यातलं कडं असं उघडं होतं की गोळा आणि कडं यांच्यामधून आरपार काळं आकाश दिसत होतं. अबोलीला हवं होतं ते अगदी हेच. मी ते चार फोटो पडद्यावर ओळीने लावले, शेवटी माझा ठेवला आणि बघत बसले. दुसऱ्या वर्षी कडं जरा निमुळतं. तिसऱ्या वर्षी आणखी. चौथ्यात नुसती फट. आणि यंदा सुई.

कडं कुठे गेलं नव्हतं. ते आमच्याकडे कड करत चाललं होतं.

मी नेटवर शोधून खात्री केली आणि धावत खाली गेले. "अबोली, ताट उचल. डोळ्यासमोर धर. आता हळूहळू आडवं कर. आणखी. आता काय दिसतं?"

"कड दिसते," ती म्हणाली. "नुसती कड."

"ताट गेलं?"

"जाईल कसं? हातातच आहे माझ्या."

"शनीचंही तसंच. तो तिरका राहून सूर्याभोवती फिरतो. मधूनमधून त्याचं कडं आपल्या अगदी डोळ्याच्या रेषेत येतं. पंधराएक वर्षांतून एकदा. आणि ते नेमकं यंदा आलंय."

मामाजी ओसरीवर उपरणं पांघरून बसले होते. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. "मामाजी, तेलाने काही झालं नव्हतं. मी उगाच बोलले."

त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "कडंच आडवं झालं म्हणतेस?"

"हो. बाजूनं दिसतंय."

"मंग बरोबर आहे त्याचं. आमी देवळात त्याच्यासमोर उभं राहत नाही, बाजूनं दर्शन घेतो. तो बी आपल्याले बाजूनंच पाहून राहिला."

"तुम्ही बघता का?"

"छ्या. समोरासमोर?"

"समोर नाही, मामाजी. या दुर्बिणीत बाजूनंच बघायचं असतं. नळी त्याच्याकडे, आपण आडवे उभे."

त्यांनी उपरणं खांद्यावर नीट टाकलं. मग उठले, अबोलीचा हात धरला आणि जिना चढले. वर मी कॅमेरा काढून डोळा लावायचं भिंग बसवलं. मामाजींनी आधी दुर्बिणीभोवती एक चक्कर मारली, नळी कुठे आणि आपण कुठे हे दोनदा तपासलं, चष्मा काढला, मग वाकले. खालून एक गाडी गेली.

"हालून राहिला," ते कुजबुजले. आणि बऱ्याच वेळाने, "इतके वर्ष याची शांती केली म्या. लहानच आहे बिचारा."

अबोली लॅपटॉपपुढे मांडी घालून बसली होती. पडद्यावर पाचही फोटो होते.  मामाचा तो जुना फोटो तिने मागितला असता तर मी नाही म्हणू शकले असते का, मला माहीत नाही.

"हा बंडूमामाचा?" तिने बोट ठेवलं.

"हो. त्यात कडं छान दिसतंय."

"आणि हा सुईवाला तुझा."

"माझा."

ती दोन्हींकडे आलटून पालटून बघत राहिली. "मी वर्गात आई म्हणाले होते, मामा नाही. हाच दे. शुभंकर म्हणेल, कडं कुठे आहे? तर मी डब्याचं झाकण आडवं धरून दाखवीन."

मी तिच्या डोक्यावरची टोपी नीट केली. थंडी पडायला लागली होती. खालून आत्याबाईंची हाक आली, गौरांग उठला म्हणून, मी लॅपटॉप मिटायला घेतला, तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"आई, आपल्याकडे त्याची नुसती कड आहे ना? मग आत्ता ते अख्खं कडं कोणाला दिसून राहिलं?"