हळूच कुठं गेलं?

"अडखळला बघा," खराटा हवेतच थांबवून काका म्हणाले. "परत वाचा, बाई."

बाईंनी कागद पुन्हा वाचला.

झाडून झाले
मागून एक पान
पाहाया येते

पाच, सात, पाच. अक्षरे चोख होती. उद्यानातल्या झाडांची नोंद ठेवणे हे बाईंचे काम. कोणाला पालवी कधी फुटली, कोणाचे पहिले पान कधी गळाले, हे अठरा वर्षे त्या वहीत लिहीत होत्या. वनस्पतिशास्त्र शिकलेल्या, एकदा मोजलेले तीनदा मोजणाऱ्या. चूक त्यांच्या हातून व्हायची नाही.

पण पहिली ओळ संपली तेव्हा काकांचे चारच फटके झाले होते. पाचव्यासाठी उचललेला खराटा तसाच वर राहिला होता.

"हे कुणाचं आहे?" त्यांनी विचारले.

"तुमचंच की! परवा सांगितलंत ना?"

"माझं असं लंगडत नाही."

काका उद्यानातले सर्वांत जुने झाडूवाले. सही करण्यापुरते नाव यायचे, तेवढीच अक्षरओळख. पानगळ सुरू झाली की झाडता झाडता त्यांच्या तोंडून ओळी निघायच्या. वाटेच्या डाव्या कडेला पाच फटके, मधल्या पट्ट्याला सात, उजव्या कडेला पाच, मग एक पाऊल पुढे. शब्द त्या फटक्यांवर बसायचे. कोणी शिकवले नव्हते. वाटच तेवढी रुंद होती. अशा सतरा अक्षरांच्या कविता पुस्तकांतही असतात, असे बाईंनी सांगितले तेव्हा ते म्हणाले होते, "मग त्यांचीही वाट एवढीच असणार."

तेव्हापासून काका रोज सकाळी एक कविता सांगत आणि बाई ती वहीत शेऱ्याच्या रकान्यात उतरवून घेत. तेरा पानगळी झाल्या. इतक्या वर्षांत काकांनी एक ओळ कधी दुसऱ्यांदा वापरली नव्हती.

यंदा फाटकाजवळच्या नव्या फलकावर पानगळीची एक कविता रंगवायची ठरले. बाईंनी काकांची नेली. उद्यानाच्या साहेबांनी पेन्सिलीने अक्षरे मोजली.

"बावीस होतात, बाई. सतरा पाहिजेत. लोक फोटो काढतात, मग नावं ठेवतात."

शनिवारी काका निवृत्त होणार होते. फलक त्याआधी लागायला हवा, म्हणून बाईंनी रात्रभर विचार न करता जेवणाच्या सुट्टीतच कात्री चालवली. कविता वाचवली, असेच त्यांना वाटले होते.

"हळूच कुठं गेलं?" काकांनी आता विचारले.

"बसत नव्हतं, काका."

"आणि 'पाहाया' म्हणे! पानानं कधी शाळा पाहिलीय का?"

बाईंना हसू आले, पण काका हसत नव्हते. त्यांनी खराटा बाकाला टेकवला.

"चांगलं आहे. लावा खुशाल. फक्त खाली माझं नाव नको."

बाईंनी कागदाची घडी घातली. "तुमचं तुम्ही म्हणा बरं. झाडत झाडत."

काकांनी खराटा उचलला.

झाडून झालं की
मागे हळूच एकच पान
बघायला येतं

बाई बोटांवर मोजत होत्या. झा, डून, झा, लं, की. पाच. 'झाडून' कागदावर तीन अक्षरांचे, पण 'न' वेगळा पडतच नव्हता. 'डू'च्याच फटक्यात वाहून जात होता. मधल्या ओळीला सात, शेवटच्या ओळीला पाच. त्यांनी काकांच्या हातून खराटा घेतला आणि स्वतः झाडून पाहिले. फटके सतरा. बाईंचे मोजणे बरोबर होते; मापच चुकीचे घेतले होते. आयुष्यभर डोळ्यांनी मोजण्याची सवय, कान कामाला लावायचे सुचलेच नाही.

"काका, चुकले मी."

"होतं असं. नवीन खराटा हाताला बसायला वेळ लागतो."

त्या तडक साहेबांना घेऊन आल्या. काका झाडत होते, बाई म्हणत होत्या आणि साहेब कपाळाला आठ्या घालून बोटांवर मोजत होते.

"सतरा," साहेब म्हणाले. मग सावध झाले. "पण लिहिली तर बावीसच ना!"

"ही लिहिलेली नाही, साहेब," बाई म्हणाल्या. "झाडलेली आहे."

साहेबांनी स्वच्छ वाटेकडे पाहिले, काकांकडे पाहिले. "पेंटरला विचारा, मावतंय का."

पेंटर कुरकुरला. त्याने सतरा अक्षरांच्या हिशेबाने खडूने आखून ठेवले होते. "मधली ओळ दहाची झाली, बाई. कुठंतरी बारीक करावं लागेल. मग म्हणू नका."

शनिवारी दुपारी खराटा भांडारात जमा करून काका फलकापाशी आले. खाली आपले नाव त्यांनी बरोबर ओळखले. मग वर पाहिले.

"हळूच कुठं आहे?"

बाईंनी बोट ठेवून दाखवले. बाकीच्या शब्दांच्या निम्म्या उंचीची तीन अक्षरे, दाटीत उभी.

"बारीक लिहिलंय," काका म्हणाले.

"जागा पुरली नाही हो. मी सांगते त्याला, पुन्हा..."

"राहू द्या, राहू द्या! हळूच मोठ्यानं कसं लिहितील?" काका म्हणाले आणि पहिल्यांदाच मोकळे हसले. त्या तीन अक्षरांवरची धूळ त्यांनी अंगठ्याने पुसली. "येतो, बाई."

ते वाटेच्या मधून निघाले. अठरा वर्षांत त्यांना असे मधून चालताना बाईंनी पाहिले नव्हते. उजवा हात रिकामाच हलत होता. बाई मोजू लागल्या. पाच. मग सात. शेवटच्या पाचांतले तीन झाले, आणि काका फाटकाबाहेर वळले.