एक पान पाठपोट

ग्रंथालयाने बारा पुस्तके परत पाठवली. सोबतच्या चिठ्ठीत ग्रंथपालबाईंनी लिहिले होते: ‘बांधणी उत्तम; मात्र पुस्तक उघडले की वाचकांना ठसका लागतो. राहिलेल्या चाळीस पुस्तकांनाही धुराचा वास आला, तर नाइलाजाने दुसरा बांधणीवाला पाहावा लागेल.’

आत्याने चिठ्ठी हातभर लांब धरून मोठ्याने वाचली आणि भाच्यापुढे ठेवली. “घे, धुराड्या. कीर्ती झाली तुझी गावभर.”

उत्तरे त्याला नेहमी दोन दिवसांनी सुचत. त्याने फक्त खिशातले सिगारेटचे पाकीट काढले, चुरगाळले आणि कागदाच्या कातरणांत टाकले. आत्या एका डोळ्याने सुई ओवत होती आणि दुसऱ्या डोळ्याने त्याच्याकडे पाहत होती. या कारखान्यात दोनच माणसे. ती फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायची. तो पुस्तकाच्या पाठीला सरस लावून वर कापड चढवायचा. ग्रंथालयाचे काम गेले असते, तर दाराला कुलूपच लागले असते.

खरी अडचण दुसऱ्या दिवशी कळली. अकरा वर्षे त्याने सरसाचा वेळ सिगारेटवर मोजला होता. पाठीवर कुंचला फिरवायचा, सिगारेट पेटवायची, आणि राख टोकाशी आली की कापड चढवायचे. हवेत ओल असली की सरस सावकाश वाळे, सिगारेटही सावकाश जळे. दोघांचे जणू आतून काही ठरलेले होते. आता सरस होता आणि नुसता वेळ होता. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहावे, तर काटा जागचा हलेना. तोंड कोरडे पडे, बोटे शिवशिवत, छातीत कोणीतरी हलकेच दार वाजवी. अखेर तो घाईने कापड चढवी. ओला सरस कापडातून वर येई आणि पाठीला सुरकुत्या पडत. चौथ्या दिवसापर्यंत दोन पुस्तकांचे कापड वाया गेले, आणि तिसऱ्याच्या पाठीवर सरस नुकताच लागला होता.

“माझ्या नाकाशी खेळू नकोस,” आत्या फर्मे सारखे करत म्हणाली. “सुयांच्या डबीमागे एक लपवली आहेस. काढ ती.”

त्याचे कान लाल झाले. “तुला कसं कळलं?”

“डोळे अधू झालेत रे, नाक शाबूत आहे. जा, कुंपणापलीकडे जाऊन ओढ आणि ये. वास नको म्हणून पुस्तकांचीच वाट लावायची, हा कुठला न्याय?”

“एक ओढली तर बारा ओढीन, आत्या.”

“मग बारा ओढ! पण पुस्तकं सरळ बांध!” ती ओरडली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. “मला दुसरं काही सुचत नाहीये, बाळा.”

आत्याला काही सुचत नाही, हे त्याने आयुष्यात प्रथमच ऐकले. त्याने डबीमागची सिगारेट काढून ओठांत धरली, काड्यापेटी घेतली आणि दाराशी गेला. तंबाखूच्या नुसत्या वासाने त्याच्या डोळ्यांत पाणी आले.

“जाता जाता एवढं बघ,” मागून आत्या म्हणाली. “या कादंबरीचे कोपरे उंदरांनी खाल्लेत. पानांचे आकडेच नाहीत. या पानानंतर कुठलं येतं?”

तो परतला. न पेटलेली सिगारेट तशीच ओठांत. पान संपत होते ते असे: ‘तिने दार उघडले, तेव्हा उंबरठ्यावर’. सुटी पाने तीन होती. पहिले सुरू होत होते, ‘मामांची समजूत काढणे कठीण.’ दुसरे, ‘आणि म्हणूनच त्याने लग्न केले नाही.’ तिसरे त्याने उजेडाकडे धरले.

“‘एक ओला बूट होता. एकच.’ हेच असणार.”

“एकच?” आत्याची सुई थांबली. “दुसरा कुठे गेला?”

“ते पुढे असेल.”

“मग वाच की! दातखीळ बसली का?”

वाचण्यासाठी त्याला सिगारेट ओठांतून काढावी लागली. अकरा वर्षे त्याने पुस्तके बांधली होती, पण एकही वाचले नव्हते. आरंभी तो अडखळला, मग त्याचा आवाज वाक्यांवर स्वार झाला.

“नवरा बुडाला असणार,” आत्या म्हणाली.

“अगं, ऐक तरी.”

पान पाठपोट वाचून झाले. त्याने सवयीने पाठीवर बोट टेकवले. सरस बोटाला धरत होता, पण लागत नव्हता. बोटाला सारे ठाऊकच होते; तेवढा वेळ सरसाला घाई न करता वाळू द्यायला हवे होते, इतकेच. कापड सुरकुतीशिवाय बसले. छातीतले दारही वाजायचे थांबले होते. केव्हा, ते त्याच्या लक्षातच आले नव्हते. सिगारेट सरसाच्या भांड्याशेजारी भिजून पडली होती.

पुढे तोच रिवाज पडला. कुंचला ठेवायचा आणि वाचायचे, एक पान पाठपोट. तलफ यायची थांबली नाही. जेवणानंतर यायची, रस्त्यात कोणी काडी ओढली की यायची. एके सकाळी तर तो कारणाशिवाय रडला, आणि आत्याने न पाहिल्यासारखे केले. पण तलफ यायची तशी जायची, हे आता त्याला कळले होते.

चाळिसावे पुस्तक म्हणजे ती कादंबरीच. ते बांधून झाले, तरी वाचन निम्म्यावरच आले होते.

ग्रंथपालबाईंनी वरचे पुस्तक उघडले ते थेट नाकाशी नेले. मग दुसरे, मग तिसरे. “पुढची साठ सोमवारी पाठवते,” त्या म्हणाल्या.

तो तिथेच घुटमळला. “बाई, इथलं सभासद होता येतं का? यातलं एक... आमचं अर्धं राहिलंय.”

घरी येताना कोपऱ्यावरच्या दुकानापाशी तलफ आली, पूर्वीइतकीच जोरकस. पुस्तक काखेत होते; पण ‘माझ्याशिवाय पुढे वाचलंस, तर याद राख’ असा आत्याने दम भरला होता. मग तो भराभर चालू लागला. एकच बूट का, याचा विचार करत तो वळणापर्यंत आला, तेव्हा दुकान बरेच मागे पडले होते.

आत्या दारातच उभी होती. “वाचलंस ना पुढे?”

“नाही गं.”

“मग बस खाली. परत आलेली ती बारा अजून राहिलीत, सरस कधीचा तापलाय.”